कुंपणातला जिताडा

खाडीकाठच्या एका गावात एक मीठवाला राहत होता. माणूस कष्टाळू, पण भारी संशयी. कुणी समोरून राम राम केला तर याच्या मनात पहिलं यायचं, ‘आजच का बरं केला?’ बायकोने कालवण झकास केलं तर हा ताटाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत बसे.

अशा माणसालाही एक जिवाभावाचा मित्र होता. तो उघाडी राखायचा. भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायला आणि ओहोटीला बाहेर सोडायला बांधाला लाकडी दारं असतात, त्यांना तिकडे उघाडी म्हणतात. मीठवाल्याची मुलगी या उघाडीवाल्याच्या मुलाला द्यायची, असं ठरलं होतं. पोरांचीही एकमेकांवर माया होती. आता त्या गावात रीत अशी, की लग्न ठरलं की नवरीच्या बापाने व्याह्याकडे चांगला मोठा जिताडा मासा पाठवायचा. म्हणून दोघा मित्रांनी बांधाच्या आतल्या तळ्यात बोटाएवढे जिताडे आणून सोडले. पाच वर्षांत मासे वाढतील, पोरंही वाढतील, मग बार उडवून देऊ, असा बेत होता.

दोन वर्षांनी त्यांनी जाळं टाकून पाहिलं. मासे हातभर झाले होते. मीठवाल्याने एकेकाचं पोट स्वतः दाबलं. प्रत्येकातून दुधासारखा पांढरा चीक आला. म्हणजे एकूण एक नर. त्याने ही गोष्ट मनात पक्की बसवली, कारण असल्या गोष्टी तो कधी विसरत नसे.

पाचव्या वर्षी साखरपुडा आला. तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढून चिरला, तर पोटात पिवळीधमक गाभोळी, म्हणजे अंड्यांची भरलेली पिशवी! दुसरा चिरला, त्यातही गाभोळी. तिसऱ्यातही तेच. पाहुणे खूश झाले. गाभोळी ताटात पडणं म्हणजे केवढा मान! एकटा मीठवाला ताटावरून उठला.

त्याने मित्राला बाजूला घेतलं. “माझे नर कुठं गेले?”

“कुठं जाणार? तळ्यात होते तेच हायेत.”

“मी सोताच्या हातानं दाबून बघितलेत. आन् उघाडीची दारं तुझ्या हातात. माझे मासे बाहेर सोडलेस नि दुसरे आणून घातलेस.”

“अरे, पण गाभोळीचे मासे तुझ्याच पोरीच्या साखरपुड्याला आले ना? तुझं नुकसान काय झालं?”

“तेच म्हणतो मी! काही घेतल्याशिवाय कोण कुणाला चांगलं देतं?”

पंगतीत एक म्हातारी कोळीण बसली होती. खाडीच्या तोंडाशी जाळी टाकण्यात तिचा जन्म गेला होता. ती खो खो हसली. “अरे बाबा, जिताड्याची जातच तशी. तरणा हाय तोवर नर. दोन-चार पावसाळे खाडीच्या तोंडाशी जाऊन बाप होतो, नि मोठा झाला का मादी होऊन अंडी घालतो. तू सांग मला, दोन हात लांबीचा नर जिताडा तुझ्या जन्मात बघितलास का?”

मीठवाल्याने आठवून पाहिलं. खरंच, एकही आठवेना. कुणाही शहाण्या माणसाचा संशय इथेच फिटला असता. याला मात्र वाटलं, म्हातारीचं उत्तर जरा जास्तच तयार होतं. हिला कुणी पढवलं असेल?

शेवटी उघाडीवालाच म्हणाला, “असं कर. तुझ्या घरामागं डबकं हाय, त्यात खाडीचं पाणी येतं. तळ्यातले अजून लहान राहिलेले दोन नर तूच निवडून ने. तुझं कुंपण, तुझं कुलूप. मोठे होऊ देत, मग चिरून बघ. तवर लगीन थांबू दे. माझा पोरगा थांबंल.”

मीठवाल्याची मुलगी दाराआडून हे ऐकत होती. तिचे डोळे भरून आले, पण बापाच्या मनातलं किल्मिष जाईल या आशेने ती थांबायला तयार झाली.

मीठवाल्याने दोन नर पोट दाबदाबून निवडले. डबक्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, पाण्याच्या वाटेला बांबूची जाळी ठोकली, दाराला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. माशांना कोळंबीही तो स्वतःच घाली. बायको “जेवायला या” म्हणाली की याला वाटे, ही मला इथून उठवायला का बघते? धीवर पक्षी येऊन कुंपणावर बसला तरी हा त्याच्याकडे डोळे वटारून बघे. उघाडीवाल्याचा मुलगा बांधावरून जाताना मान खाली घालून जाई. त्यावर याचं म्हणणं, चोराची मान खालीच असते. पहाऱ्यापायी मिठागराकडे लक्ष राहिलं नाही. एका वर्षी तर वेळेवर मीठ उचललंच नाही, आणि सगळं पावसात विरघळून गेलं. मुलगी दोन्ही वेळा भाकरी आणून कुंपणाबाहेर ठेवी आणि निघून जाई. दोन वर्षं हे असंच चाललं.

मग तो दिवस आला. उघाडीवाला आणि त्याचा मुलगा आले, म्हातारी कोळीण आली, घरची माणसं उभी राहिली. मीठवाल्याने कुलूप हाताने ओढून तपासलं. कुंपण फिरून पाहिलं, कुठे काटा मोडला नव्हता. जाळी धड होती. त्याने दोघांतला मोठा जिताडा बाहेर काढला आणि विळीवर स्वतः चिरला.

आत भरगच्च गाभोळी होती.

उघाडीवाल्याने डोळे पुसले. “सुटलो रे बाबा,” तो म्हणाला. “चल आता, मांडव घालू.” मुलगी दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

मीठवाल्यालाही बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरची धोंड उतरल्यासारखं. तेवढ्यात त्याचं लक्ष मुलीकडे गेलं. ही एवढी का हसतेय? मासा मादी निघाला की सगळ्यात जास्त कुणाचं भलं? हिचंच. लग्न कुणाचं अडलं होतं? हिचंच. आणि रोज दोन वेळा कुंपणापाशी कोण येत होतं?

“किल्ली कवा काढून घेतलीस?” त्याने मुलीला विचारलं.

मुलीचं हसू तिथेच विझलं. ती हळूच म्हणाली, “बाबा, तू भाकरी खायचास तवासुद्धा किल्ली मुठीत धरायचास. मी रोज बघायची.”

“म्हंजे तुझी नजर किल्लीवरच होती तर!”

आता उघाडीवाला पुढे झाला. “दोस्ता, मला चोर म्हणालास, ते मी दोन वर्षं गिळलं. माझ्या सुनेला म्हणालास, ते मला गिळता येणार नाय.” त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “चल पोरी. तुझा मांडव माझ्या दारात पडंल.”

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याने एक शब्द मागे घेतला असता तरी ती थांबली असती. पण तो किल्लीवरचे ओरखडे तपासत होता. ती निघाली, आणि तिच्यामागून तिची आईही.

आठ दिवसांनी उघाडीपाशी लग्न लागलं. मामाने नवरीला पाटावर आणलं, गाव पोटभर जेवला. लग्नाहून परतताना म्हातारी कोळीण मीठवाल्याच्या घरामागून गेली, तर हा आपला कुंपणाला पाठ लावून बसलेला, वाजंत्र्यांच्या दिशेला कान करून. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

म्हातारीला कळवळा आला. “अरे, एकुलती एक लेक तुझी. अक्षता टाकायला तरी यायचास.”

“लई वाटलं जावं,” मीठवाला म्हणाला. “पण डबक्यात अजून एक जिताडा हाय. मी उठलो असतो, नि तेवढ्यात कुणी तो बदलला असता तर?”

तात्पर्य: खात्री करून घ्यायची असेल त्याला एक पुरावा पुरतो, संशयच जपायचा असेल त्याला सगळं घरदार देऊनही पुरत नाही.