भिंतीवरची चतकोर भाकरी

"मग भन्ते, हिला दीक्षा द्यायची, की माहेरी धाडायची? आजच सांगा. हिचा भाऊ पाचच्या एसटीने येतोय न्यायला."

ही म्हणजे मी.

माझे थोरले दीर, नागसेनदादा, माझ्याविषयी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. लग्नाला तीन महिने झाले. आधी मला वाटायचं, संकोच असेल.

विहारात आम्ही चौघंच होतो. भन्ते शीलरत्न चटईवर बसून चीवराला टाका घालत होते. समोर दादा. खांबाशी मी. दाराजवळ सासूबाई, भांडण झालंच तर आधी बाहेर पडता यावं अशा बेताने बसलेल्या.

माझ्या नवऱ्याने, प्रज्योतने, सकाळी डबा घेतला होता. "भन्ते बघतील," म्हणाला, आणि साखर कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघून गेला.

"झालं काय?" भन्ते म्हणाले.

दादांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. चटईवर ठेवून उघडली.

चतकोर भाकरी. वर पिठलं. वाळून भेगा पडलेलं.

"मागच्या भिंतीवर होतं. कालही होतं. परवाही. पक्षपंधरवडा चालू आहे, भन्ते. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध करणार नाही म्हणून शपथ घेतलेली. आणि विहाराच्या सचिवाच्या भिंतीवर पितरांना घास! रविवारी मी अंधश्रद्धेवर बोलणार, आणि समोरचे लोक गालात हसणार."

"हिने ठेवलं?"

"दुसरं कोण ठेवणार? इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. हिचं पाऊल पडलं आणि झालं."

"पाऊल पडल्याने होतं?"

"तसं नाही... ही आल्यापासून, असं म्हणायचंय."

भन्तेंनी सुई चीवरात खोचली.

"सुवार्ता, तू ठेवलंस?"

"नाही, भन्ते."

"कुणी ठेवलं, माहीत आहे?"

...

माहीत होतं.

पंधरवड्याच्या पहिल्याच दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली सासूबाई पदराआड काहीतरी घेऊन भिंतीकडे गेल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते आणि ओठ हलत होते.

मी रात्री आईला फोन केला. माझी आई आमच्या चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. करणीवर तिचा विश्वास नाही. "पण तिच्या हातचं खाताना आधी ती स्वतः खातेय का बघ," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी बघत होते. त्या मला बघत होत्या. दोघी एकमेकींच्या ताटावर नजर ठेवून जेवत होतो.

आता इथे सांगून काय होणार होतं? तीन महिन्यांची सून, तीही ख्रिस्ती, सचिवांच्या आईवर बोट दाखवते म्हणे.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चटईची एक काडी उपसत होत्या.

"नाही माहीत," मी म्हणाले.

विहारात बसून खोटं बोलले. चर्चमध्येही बोलले असते.

दादांना हेच हवं होतं. त्यांनी वही उघडली. पानाच्या मधोमध लाल रेघ. एका बाजूला 'धम्म', दुसऱ्या बाजूला 'ख्रिस्ती'. दादा हायस्कुलात शिकवतात. त्यांना रेघ ओढल्याशिवाय विचार करता येत नाही.

"हिला समजावं म्हणून मी तयार केलंय, भन्ते. बघा. त्यांच्यात जग देवाने निर्माण केलं, आपल्यात निर्माताच नाही. त्यांच्यात आत्मा अमर, आपल्यात अनात्म. त्यांचे मेलेले शेवटच्या दिवशी उठणार, आपल्यात तसं काही नाही. त्यांचा तारणारा दुसरा, आपल्यात आपला आपणच. प्रेम आणि करुणा मात्र मी दोन्हीकडे लिहिलंय. अन्याय नको."

"छान. आणि तिसरा रकाना?"

"कसला तिसरा?"

"दोन्हीकडे नसलेलं, पण घरात असलेलं."

दादांनी वहीकडे बघितलं. तिसऱ्या रकान्याला जागाच नव्हती.

"तुमच्यात मेलेल्यांना काय देतात?" भन्तेंनी मला विचारलं.

"काही नाही, भन्ते. आमचे पाळक म्हणतात, मेलेला माणूस देवापाशी असतो, त्याला आपलं काही लागत नाही. फक्त..."

"फक्त?"

"नाताळच्या दिवशी आई एक ताट जास्त वाढते. कुणाचं विचारलं तर म्हणते, पाहुणा आला तर असावं. ताटात बिनसाखरेची करंजी असते. आजोबांना साखरेचा आजार होता."

"बघा!" दादा म्हणाले. "म्हणजे सवय माहेरचीच."

खरं बोलल्याचा फायदा असा झाला.

"तुमची दोन्ही घरं एकाच गावची ना?" भन्ते म्हणाले.

"हो. हिचे पणजोबा आणि आमचे पणजोबा, दोघं एकाच गावकुसाबाहेर राहायचे. हिच्या पणजोबांनी मिशनचा रस्ता धरला. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली."

"आणि त्याआधी दोघं आपल्या मेलेल्यांना काय वाढत होते?"

"ते अज्ञान होतं, भन्ते."

"मी विचारलं, ते काय वाढत होते."

दादा दुसऱ्या पुराव्याकडे वळले.

"आणखी आहे. ही उशीखाली नवा करार ठेवून झोपते. आईने गादी झटकताना बघितलं."

भन्ते माझ्याकडे वळले. "वाचतेस?"

"पहिल्या आठवड्यात वाचला. आता नुसता ठेवते."

"का?"

"झोप लागते."

"बघा, भन्ते! तोडगा. पुस्तक वाचायचं असतं, उशीखाली ठेवायचं नसतं."

"तुझ्या मनगटाला काय आहे?"

दादांनी बाही खाली ओढली. पण पांढरा धागा दिसत होता.

"हा परित्राणपाठाचा, रक्षणाचा धागा. वर्षावासात तुम्हीच बांधलात. हे वेगळं आहे."

"बरोबर. काय होतं त्याने?"

"मन स्थिर राहतं."

"झोप?"

"लागते," दादा म्हणाले.

मला हसू आलं. मी पदर तोंडाशी धरला. सासूबाईंनीही धरला. तीन महिन्यांत आम्ही दोघींनी एकदम केलेली ती पहिली गोष्ट.

दादांचा चेहरा लाल झाला.

"विषय भाकरीचा आहे, भन्ते! ही साधी भाकरी नाही. तीन दिवस भिंतीवर, आणि कावळाही शिवला नाही. कावळा काय, मुंगीसुद्धा नाही. म्हणजे काहीतरी आहे यात."

"तुझा कावळ्यावर विश्वास कधीपासून?"

"विश्वास नाही! निरीक्षण आहे."

"काय असेल यात?"

"ते मी कसं सांगू? करणी म्हणत नाही मी. करणी वगैरे काही नसतं, रविवारी तेच बोलणार आहे. पण... घरात दोन लहान पोरं आहेत माझी. उगाच धोका कशाला?"

भन्तेंनी हात पुढे केला.

भाकरीचा तुकडा मोडला. कडक झाली होती, आवाज झाला. त्याला पिठलं लागलेलं होतं.

दादा अर्धे उठले.

"भन्ते! तीन वाजलेत! बारानंतर तुम्हाला अन्न चालत नाही. विनयाचा नियम मोडेल."

"मोडेल," भन्ते म्हणाले.

"आणि त्यात काय आहे, माहीत नाही!"

"म्हणूनच."

तुकडा ओठांपर्यंत गेला.

"भन्तेजी, नका!"

सासूबाई उभ्या होत्या. कधी उठल्या, कळलं नाही.

"नका... ते तुमच्यासाठी नाही."

"मग कुणासाठी आहे, गयाबाई?"

बाहेर रस्त्यावरून रिकामी बैलगाडी गेली. तिचा खडखडाट लांब जाऊन संपला.

भन्तेंनी तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळायला त्यांना वेळ लागला.

"खारट आहे," ते म्हणाले. "फार खारट."

मला काही कळलं नाही. पण दादा खाली बसले.

सासूबाई बोलल्या ते भिंतीकडे बघून.

"दोन वर्षं अळणी खाल्लं ह्याच्या वडिलांनी. रक्तदाब होता. मीठ कपाटात, किल्ली ह्याच्या खिशात. मोजून द्यायचा मला, माझ्यापुरतं. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, गया, पिठल्यात चिमूटभर... एवढंच. मी ह्याच्याकडे मागितलं. हा म्हणाला, आई, तूच त्यांना मारशील."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं!" दादांचा आवाज वर्गातला नव्हता. "भन्ते, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मीठ दिलं असतं तर ते आधीच गेले असते."

"हो," भन्ते म्हणाले.

"मग माझं चुकलं काय?"

"काहीच नाही."

दादांना शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं त्यांच्याकडे बघून वाटलं.

"आई, दरवर्षी ठेवतेस?"

"नऊ वर्षं. कावळे खाऊन जायचे, म्हणून तुला दिसलं नाही. यंदा डोळ्याला नीट दिसत नाही रे. मिठाचा हात जास्त पडत असेल, म्हणून शिवले नसतील."

"आणि ही... हिच्यावर आळ आला, तरी तू गप्प बसलीस?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या ताटाकडे नाही, तोंडाकडे बघितलं.

"बोलणार होते, पोरी."

कधी, ते मी विचारलं नाही. पाचची एसटी वेळेवर येते.

"तुला माहीत होतं," भन्ते मला म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

"हो. गच्चीवरून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी भीती वाटली. कोण खरं मानणार! आणि... मला वाटलं, ते माझ्यासाठी आहे."

"तुझ्यासाठी?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे... करणी."

त्यांनी डोळे मोठे केले. मग डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून हसल्या.

"अगं बया! मला करणी येत असती, तर आधी ह्याला नसता का सरळ केला?"

दादा हसले नाहीत. पुडीतल्या उरलेल्या भाकरीकडे बघत बसले. मग बोट लावून पिठलं चाखलं. तोंड वाकडं झालं. थुंकले नाहीत.

भन्तेंनी चीवर पुन्हा मांडीवर घेतलं. सुई शोधली. दोरा दोनदा चुकला.

दादा वही मिटून उठले. पंचांग प्रणाम केला. तिसऱ्यांदा डोकं टेकवलं ते लवकर उचललं नाही.

"भन्ते, हिची दीक्षा?"

"तिला हवी असली तर ती येईल. पायवाट तिला कळली आहे."

"आणि हिचा भाऊ पाचला येतोय. त्याला काय सांगू?"

"जेवून जा म्हण."

दादांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. बहुधा मी कशी दिसते, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "प्रतिज्ञा घरात मोडली, भन्ते. नऊ वर्षं मोडली. आईला मी थांबवू, की... मी काय करू?"

भन्तेंनी दोरा दाताने तोडला.

"तू पाहुण्याच्या शेजारी जेवायला बस. आणि आईकडे वरून मीठ माग."