एका वायरीवर दोघी

यंत्रांचे भाग आपसात बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका सर्किट बोर्डावर हवं ते काम शिकवता येईल अशी एक चिप होती. म्हणून तिचं नावच पडलं बहुरूपी. शेजारी मेमरी राहायची; बहुरूपीने आजवर घेतलेली सगळी रूपं तीच लक्षात ठेवायची. दोघींत एकच वायर होती. एक बोले, तेव्हा दुसरी ऐके.

एकदा बहुरूपीला नवं काम मिळालं. मेमरी म्हणाली, "नव्या कामात पाळ्या बदलतील. आता वायरीवर कोणी कधी बोलायचं, ते आधी ठरवू या."

"मैत्रिणींत कसला गं करार?" बहुरूपी हसली.

काम सुरू झालं आणि दोघी एकदमच बोलल्या. वायर तापली, मेमरी जळून गेली.

तिच्या जागी नवी मेमरी आली. बहुरूपीने सगळं आधी ठरवून घेतलं. काम सुरळीत चाललं. पण "आधी तुम्ही काय काय होतात?" असं नवीने विचारलं, तेव्हा बहुरूपीला काहीच सांगता येईना.