पिंगळाने फिरवलेले तोंड

पूर्वी कुंभावती नगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व आचाऱ्याच्या कुळात जन्मला होता. सोमिल हे त्याचे नाव. राजाच्या पाकशाळेचा तो मुख्य होता.

त्या राजवाड्यात एक रीत होती. राजाचे पान वाढण्याआधी प्रत्येक पदार्थाचा एक घास पिंगळ नावाच्या कुत्र्यापुढे ठेवीत. पिंगळाने तो खाल्ला तर ताट राजापुढे जाई. तोंड फिरवले तर अन्नात विष आहे असे समजत, आणि ज्याच्या हातचे ते अन्न त्याला सुळावर चढवीत. राजाचे जेवण आटोपले की कुत्र्याचा रखवालदार मल्लक त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणे, "जेवण झालं, जा आता." तोवर पिंगळ जागचा हलत नसे. बारा वर्षांत त्याने दोनदा तोंड फिरवले होते, आणि दोन्ही वेळा विष सापडले होते.

मल्लक स्वभावानेच संशयी, त्यात काम हे असले. पाणी भरणारी कुठे पाहते, वाढपी हात कुठे पुसतो, सगळ्यावर त्याची नजर. एका पिंगळावर मात्र त्याचा पुरा विश्वास होता. पिंगळ आता चौदा वर्षांचा झाला होता. मागचे पाय लुळे पडले होते. पाकशाळेच्या सात पायऱ्या मल्लक त्याला उचलून चढवी, तेही कोणी बघत नाही ना हे पाहून. कोणी विचारलेच तर सांगे, "काटा टोचलाय." चार महिने झाले, तो काटा काही निघत नव्हता.

एके दिवशी दुपारी पिंगळाने सोमिलाच्या तूपभाताकडे तोंड फिरवले. सोमिलाला तिथल्या तिथे धरून कोठडीत टाकले. दुसरा आचारी नेमला. पिंगळाने त्याच्याही भाताकडे पाहिले नाही.

"सोमिलाची माणसं अजून पाकशाळेत आहेत," मल्लक म्हणाला.

राजा शहाळी आणि केळी खाऊन दिवस काढू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी सोमिलाला सुळावर द्यायचे ठरले.

वैद्याने पिंगळाचे पोट चाचपून पाहिले. "विष नाही रे. आत गाठ आहे. त्याला आता निरोप दे."

मल्लकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हाच वैद्य परवा सोमिलाशी हसून बोलत होता! घरी बायको रेवा म्हणाली, "अहो, त्याला इथं आणा. अंगणात निवांत पडू दे बिचाऱ्याला." हिला एवढी घाई कसली, असे त्याला वाटले. त्या दिवशी त्याने स्वतःची भाकरीसुद्धा हुंगून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कोठडीतून निरोप आला. "पिंगळाला घेऊन एकटाच ये. तुझ्या घरचं दूध आण, तुझ्या हातानं काढलेलं."

एकटाच का? यात नक्की काहीतरी पाणी मुरतेय. मल्लकाने कमरेला सुरी खोचली आणि पिंगळाला खांद्यावर घेऊन गेला.

"दूध कुणी काढलं?" सोमिलाने विचारले.

"मी."

"भांडं कुणी घासलं?"

"मीच. माझा कुणावर भरवसा नाही."

"मग पाज त्याला."

मल्लकाने वाटी पुढे धरली. पिंगळाने दूध हुंगले, मल्लकाचे मनगट एकदा चाटले आणि तोंड फिरवले.

मल्लक ताडकन मागे सरला. "असं होय! मला अडकवायला बोलावलंस!"

"अडकवायचं असतं तर उद्या राजासमोर तुला दूध आणायला लावलं असतं. मी सुटलो असतो आणि तू सुळावर गेला असतास."

मल्लकाने त्याच्या चेहऱ्यात कपट शोधले. कुठेच सापडेना, तसा तो जास्तच घाबरला.

"बारा वर्षं तो सांगेल ते तू खरं मानलंस," सोमिल म्हणाला. "आताही तो सांगतोच आहे. नको म्हणतोय, इतकंच. तू त्यात चोर शोधतोयस."

"चोर सापडला तर तो बरा होईल ना!" मल्लक ओरडला. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांवर पडले आणि तो मटकन खाली बसला. बराच वेळ रडला. मग म्हणाला, "पण निरोपाची वेळ झाली हे मला कळणार कसं?"

"घंटा वाजेल आता. दुसऱ्या कुणाकडे बघू नकोस. त्याच्याकडे बघ."

राजवाड्यात दुपारच्या जेवणाची घंटा झाली. पिंगळाने पुढचे पाय रोवले. उठला, पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा नुसती मान उचलली आणि धापा टाकीत मल्लकाकडे पाहत राहिला. राजा कालपासून जेवला नव्हता. जेवण झाले नव्हते, म्हणून पिंगळाला कोणी 'जा' म्हटलेच नव्हते. तो कामावरच होता.

मल्लकाने त्याला उचलले आणि तडक राजापुढे नेले.

"महाराज, पिंगळ विष दाखवत नाहीये. त्याला अन्नच नकोसं झालंय. काटाबिटा काही नव्हता. मी चार महिने खोटं बोललो. सोमिल निर्दोष आहे."

राजा संतापला. पण सोमिलाला सोडून समोर आणले तेव्हा तो म्हणाला, "महाराज, याला क्षमा करा. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासाठी हा खोटं बोलला."

"मग माझ्या अन्नाची पारख कोण करणार?"

"पहिला घास माझा."

सोमिलाने साधा मुगाचा भात केला. पहिला घास स्वतः खाल्ला, मग राजा पोटभर जेवला. राजाने हात धुतले तेव्हा मल्लकाने पिंगळाच्या कपाळावर हात ठेवला.

"जेवण झालं, जा आता."

पिंगळाने आखडून धरलेले पाय सैल सोडले. मल्लकाने त्याला घरी रेवाच्या अंगणात नेऊन निजवले. त्याच्यापुढे घासही ठेवला नाही की औषधही. दुसऱ्या दिवशी उन्हात, मल्लकाच्या पावलावर हनुवटी टेकून, तो गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका भिक्षूला सांगितली. त्याचे वृद्ध गुरू अंथरुणाला खिळले होते, आणि पेज आणणाऱ्या प्रत्येक सोबत्यावर तो संशय घेत होता. शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा मल्लक तूच होतास. पिंगळ म्हणजे आज ज्यांच्या उशाशी तू पहारा देतोस ते तुझे गुरू. राजा दृढसेन म्हणजे या विहाराचे स्थविर, आणि सोमिल आचारी म्हणजे मीच."

आपल्यावर आळ घेणाऱ्याचाही जीव वाचवून बोधिसत्त्वाने त्या जन्मी मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांविषयीच्या प्रेमाची परिपूर्णता, आचरली. भिक्षू उठला, गुरूंच्या उशाशी गेला आणि दार उघडून सोबत्यांना आत बोलावले.