भुरकीची भाड्याची ढोली

झाडाझाडांत गप्पा चालायच्या, तेव्हाची गोष्ट. भुरकी खारीच्या ढोलीत जुना कापूस, पिसं, करवंट्या इतक्या साठल्या, की तिलाच झोपायला जागा उरेना. पण टाकवेना काहीच. "लागेल कधीतरी," म्हणत तिने सामान ठेवायला सुतार पक्ष्याची रिकामी ढोली भाड्याने घेतली. भाडं, रोज एक पिकलं उंबर.

पिल्लं व्हायची वेळ आली. भुरकी भाड्याच्या ढोलीतून कापूस आणायला गेली, तर त्यात किडेच किडे!

"अहो सुतारदादा, हे काय?"

"तुझ्या सामानावरच तर पोसलोय गं," सुतार ढेकर देत म्हणाला. "न्याहारीला किडे, वर गोड म्हणून तुझं उंबर!"

भुरकीने शेपटी झटकली. "मग हे सामान माझ्यापेक्षा तुम्हालाच लागतंय की! उद्यापासून भाडं तुम्ही द्या."

आणि समोरच्या सावरीखाली पडलेला ताजा कापूस तोंडभर घेऊन ती घरी गेली.