बॉनेटमधला कावळा

गाड्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. वत्सलाताईंच्या निळ्या गाडीला गॅरेज नव्हतं. ती रस्त्यावर कडुलिंबाच्या सावलीत उभी असायची. ताई तिला बादलीभर पाण्याने धुवायच्या आणि फांदीवरचा कावळा लगेच तिच्यावर घाण करायचा.

“अरे, कुणाच्या अंगावर करतोयस, बघ तरी!” गाडी कळवळायची.

“मग उभी कशाला राहतेस इथे?” कावळा खिदळायचा.

एकदा ताईंनी गाडी धुऊन पुसली, वॅक्स लावलं आणि घासून घासून तिचा आरसा केला. कावळ्याने सवयीने शेपूट उचललं. खाली बघतो तर काय, बॉनेटमधून दुसरा एक कावळा त्याच्यावरच शेपूट रोखून बसलेला!

“ए, कुणाच्या अंगावर करतोयस, बघ तरी!” तो किंचाळला आणि भुर्रकन पळाला.

गाडी इतकी हसली, की तिचा हॉर्नच वाजला.

“अगंबाई,” ताई दचकल्या, “हिला आता काय झालं?”