उघड्या टपाची गाडी

“...ते सगळं खरं, उस्ताद. पण मागच्या सीटवर वहिनी आणि पोरगी नीट बसतील नव्हं? तेवढंच सांगा.”

दस्तगीर उस्ताद सुईत दोरा ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठल्या गाडीच्या?”

“ह्याच. लाल.”

“काल तर काळी म्हणत हुतास.”

“काळीत दोनच सीटा हाईत. वहिनीला कुठं बसवू, टपावर?”

“टप तरी कुठं हाय तिला धड.”

मला हसू आलं नाही. एकोणीस दिवस मला हसू आलं नव्हतं.

जयसिंगपूरच्या बाहेर, शिरोळ रस्त्याला उस्तादांची पत्र्याची शेड आहे. सत्तरी उलटली त्यांची. उघडझाप होणाऱ्या गाड्यांचे कापडी टप शिवतात. गाडी घ्यायच्या आधी लोक त्यांच्याकडे येऊन बसतात. ही घे, ती नको, असं ते कधीच म्हणत नाहीत. तरी उठणारा माणूस ठरवून उठतो.

माझा मोठा भाऊ, अण्णा, त्यांच्याच हाताखाली शिवायला शिकला. मग आम्ही दोघांनी सोफ्याचं दुकान टाकलं. अण्णा रेग्झिन शिवायचा. मी लाकूड ठोकायचो, माल पोचवायचो. मी आठवीतून शाळा सोडलेला. विचार करायचं काम अण्णाकडे होतं.

एकोणीस दिवसांपूर्वी अण्णा गेला. चौतीस वर्षांचा होता.

मातीला उस्ताद आले होते. बोलले नव्हते. माझ्याकडे बघितलं आणि परत गेले.

लाल गाडी त्यांच्याच शेडमध्ये उभी होती. सांगलीच्या एका माणसानं नवा टप शिवायला सोडली होती. टप शिवून झाला होता, आता विकायची होती. दोन दारं, चार सीटा, बसकी, रुंद. उभ्या उभ्या पळत असल्यासारखी दिसायची.

“रविवारी वहिनीचा भाऊ येणार हाय,” मी म्हणालो. “चिकोडीहून. तिला आणि चिमीला घेऊन जाणार. कायमचं.”

“मग?”

“त्याच्या आधी गाडी दारात पाहिजे. अण्णानं चिमीला कबूल केलतं. एका वरातीत उघडी गाडी बघितली तिनं, तेव्हापासून पाटीवर दुसरं काय काढतच नाही. गाडी आली की पोरगी हटून बसंल. पोरगी राहिली की वहिनी राहील.”

“गाडीसाठी राहील?”

“का नाही राहणार? झ्याक गाडी हाय. आणि घरची पण. टप मिटला की शाळेला, दवाखान्याला, बाजाराला. टप उघडला की...”

“टप उघडला की त्यो डिकीत जातोय,” उस्ताद म्हणाले. “मग डिकीत तुझ्या आईची पिशवीसुद्धा मावत न्हाई. आभाळ घे, न्हाईतर सामान घे.”

“आई पिशवी मांडीवर घेईल.”

“आणि पदर?”

“थट्टा नको, उस्ताद.”

“थट्टा न्हाई, बाबा. उघड्या गाडीत बायामाणसं पहिल्यांदा पदर धरत्यात. पिशवी मग कुणी धरायची?”

“मी हळू चालवीन.”

“तू?” त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “हळू?”

सगळ्या गावाला माझं चालवणं माहीत होतं. मला त्याचा गर्व होता. लपवत नाही.

उस्तादांनी सुई गादीत खोचली.

“वहिनी काय म्हणती गाडीला?”

“तिला अजून सांगितलं नाही.”

“मग ती काय म्हणती?”

मी खाली बघितलं. पायाशी काळ्या कापडाचे तुकडे पडले होते.

“ती एकच विचारती. रोज. चहा देताना, कपडे वाळत घालताना. काल जेवायला वाढताना भाकरी हातात धरून तशीच उभी राहिली. ‘भावजी, शेवटाला काय बोलले काय हो ते?’”

“तू काय सांगतोस?”

“काय बोलला नाही म्हणून सांगतो.”

“मग परत का विचारती?”

मी एक तुकडा पायानं सरकवला.

“संमेद?”

“मला काय माहीत! तुम्ही गाडीचं बोला की!”

मी ओरडलो होतो. माझा आवाज पत्र्यावर आदळून मलाच परत ऐकू आला.

उस्तादांना राग आला नाही. ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “कोल्हापूर किती वेळात गाठतोस?”

“मोटारसायकलवर? पस्तीस मिनिटं. कुणालाही विचारा.”

“आणि मागचा?”

“काय?”

“तू पस्तीस मिनिटात पोचतोस. मागं बसलेला किती वेळात पोचतो?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. ह्या माणसाला कुणी सांगितलं? कुणी सांगूच शकत नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

“संगटच पोचतो की,” मी म्हणालो.

“बरं.”

ते उठले, किल्ली घेतली. एक बटण दाबलं. टप घड्या घालत मागे गेला आणि झाकणाखाली गडप झाला. गाडी एकदम लहान दिसायला लागली. आणि सुंदर. मी पुढचं दार धरलं.

“तिथं न्हाई. मागं.”

“मी चालवून बघतो की. घेणारा मी हाय.”

“घेणारा तू. बसणारी वहिनी. मागं बस.”

मागे दारच नव्हतं. पुढची सीट वाकवून, कमरेत मोडून मी आत शिरलो. गुडघे छातीला लागले. उस्तादांनी मला पट्टा बांधायला लावला.

“जागा हाय,” मी म्हणालो. मला गाडी हवीच होती.

“हाय नव्हं? मग झालं.”

त्यांनी टोपी काढून मांडीखाली दाबली आणि गाडी बाहेर काढली.

गावातून जाताना छान होतं. लोक वळून बघत होते. एक म्हातारा सायकल थांबवून उभा राहिला. मला चिमी दिसत होती, माझ्या शेजारी, हात वर केलेली. वहिनी दिसत होती. हसत नव्हती, पण बसली होती. मला तेवढं पुरे होतं.

मग उस्ताद मोठ्या रस्त्याला लागले.

पुढे बसलेल्याला काचेचा आडोसा असतो. मागच्याला नसतो. हे मला कुणी तोंडानं सांगितलं असतं तर मी हसलो असतो. काचेवरून येणारा वारा सरळ माझ्या तोंडावर पडत होता. थपडाच त्या. डोळे उघडेनात. तोंड उघडलं की वारा आत, आणि शब्दही आतच. कानात नुसता घोंगावा. पुढे उस्ताद ओट्यावर बसल्यासारखे निवांत बसले होते. त्यांची दाढीसुद्धा हलत नव्हती.

“उस्ताद, हळू!”

गाडी तशीच.

“उस्ताद! थांबवा!”

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. श्वास पुरेना. मी पुढे वाकलो, पट्टा छातीत रुतला. हात लांब करून त्यांच्या खांद्यावर मारलं. दोनदा. तीनदा.

उस्ताद हसले. आरशात मला त्यांचे दात दिसले. त्यांनी मान डोलावली.

आणि गाडी आणखी पळवली.

माझा हात तसाच हवेत राहिला.

तो हात मी ओळखला.

तो माझा नव्हता.

...

गाडी कधी थांबली ते मला कळलं नाही. एका बांधाच्या कडेला उभी होती. वारा नव्हता. गरम इंजिन टिकटिक करत निवत होतं, तेवढाच आवाज.

उस्ताद वळले. “काय रं? पसंत पडली न्हवं? चांगलाच खूश झालास. खांद्यावर थापा मारत हुतास.”

मी पट्टा सोडवायला लागलो.

“संमेद?”

“मी थांबा म्हणत होतो.”

“आँ?”

“मी थांबा म्हणत होतो, उस्ताद. चार वेळा. पाच वेळा. गळा फाडून.”

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

“मला वाटलं, पोरगं म्हणतंय, आणखी पळवा.”

हे ऐकलं आणि मला आवरेना. जे मी आईला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं, वहिनीला तर नाहीच, ते बाहेर आलं.

“अण्णा पण मारत होता,” मी म्हणालो. “खांद्यावर. असंच.”

उस्तादांचा हात स्वतःच्या खांद्याकडे गेला.

“कोल्हापूरहून येत होतो. रेग्झिन घेऊन. मी चालवत होतो, तो मागं. हातकणंगले मागं पडलं आणि तो काहीतरी बोलला. वाऱ्यात कळलं नाही. मी म्हटलं, घरी गेल्यावर बोल. मग मारायला लागला खांद्यावर. मला वाटलं, खूश हाय. मला वाटलं, पळव म्हणतोय...”

“मग?”

“मी हसलो, उस्ताद. हसलो आणि मूठ पिळली.”

एक ट्रक शेजारून गेला. गाडी हलली. आम्ही हललो नाही.

“मग तो माझ्या पाठीवर टेकला. मी म्हटलं, झोपलास काय रं, भल्या माणसा. मला बरं वाटलं. एरवी तो माझ्या मागं बसला की जीव मुठीत धरून बसायचा. म्हटलं, आज विश्वास बसला माझ्यावर. मागं रेग्झिनचा गठ्ठा बांधला होता, पुढं माझी पाठ. मध्ये तो. म्हणून पडला नाही. अकरा किलोमीटर, उस्ताद. अकरा किलोमीटर मी त्याला तसा आणला. दुकानापुढं थांबलो. उतर म्हटलं. दोनदा म्हटलं, उतर.”

उस्तादांनी डोळे मिटले.

“डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, वाटेतच. मी वहिनीला सांगितलं, झोपेत गेला. काय बोलला नाही. पण तो बोलला होता! काहीतरी बोलला होता. तिला कळतंय मी खोटं बोलतोय. म्हणून विचारती. म्हणून चालली ती, उस्ताद, दुसरं काय नाही. आणि खरं सांगायला गेलो तर माझ्याकडं काय हाय? तो काय बोलला ते मला माहीतच नाही.”

उस्ताद खाली उतरले. दार उघडं टाकलं. मला वाटलं, आता मारतात. मारावं असंच वाटत होतं.

त्यांनी सीट पुढे ढकलली. मग एक हात दाराला, एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवून, कण्हत, तो सत्तरी उलटलेला माणूस मागे शिरला. माझ्या शेजारी बसला. त्यांचे गुडघेही छातीला लागले. खांद्याला खांदा घासत होता.

पुढे कुणीच नव्हतं.

कडेनं जाणाऱ्या एका बाईनं डोक्यावरचा भारा सावरत आमच्याकडे बघितलं आणि पुढे गेली. दोन माणसं मागे दाटीवाटीनं बसलेली, चालवणारा नाही.

“तुम्हाला माहीत होतं काय?” मी विचारलं. “मुद्दाम केलंसा?”

त्यांचे हात मी बघितले. बारीक टाका कधी न चुकणारे ते हात पट्ट्याचं टोक खाचेत घालू बघत होते, आणि खाच सापडत नव्हती.

“खरंच काय ऐकू आलं नाही तुम्हाला? एक शब्दही?”

“न्हाई.”

“मी एवढा ओरडत होतो तरी?”

“न्हाई, लेका.”

मी रडत नव्हतो. वाऱ्यानं डोळ्यांत आणलेलं पाणी कधीच वाळलं होतं. गालाची कातडी ताठ झाली होती.

“ती आज पण विचारंल,” मी म्हणालो. “आता घरी गेलो की विचारंल. मी काय सांगू तिला? अण्णा काय म्हणाला म्हणून सांगू?”

उस्ताद पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत होते.

“तिला सांग,” ते म्हणाले, “‘मी पुढं हुतो.’”