अप्पा, उठलात का?

"पाच व्होल्ट पाहिजेत, पाच व्होल्ट आहेत. मग हे मरतं कशाला, चाचा?"

मेहबूबचाचा शिकलगारांनी मान वर केली नाही. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात ते एका जुन्या रेडिओच्या पोटातली धूळ ब्रशने झाडत होते. तो रेडिओ न्यायला कुणी येणार नाही हे गावाला ठाऊक होतं आणि चाचांनाही. तरी रोज दुपारी ती धूळ निघायची.

"कोण मरतं?"

"बोर्ड, चाचा. मध्येच बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो."

"बोर्ड व्हय... मला वाटलं माणूस."

धैर्यशील मगदूमने ओठ चावला. शाळेत असताना याच स्टुलावर बसून तो वायरी जोडायला कथलाचा पहिला डाग द्यायला शिकला होता. आता पुण्यात मोठ्या कंपनीत होता. सोळा वर्षांत त्याने या बोळात पाऊल टाकलं नव्हतं, आणि आज आला तोही हातात तो बोर्ड बसवलेला प्लास्टिकचा डबा घेऊन, एक डोळा मनगटावरच्या घड्याळावर ठेवून. असले शिष्य गुरूला सांभाळून घ्यावे लागतात.

डबा त्याने स्वतः बनवला होता, वडिलांसाठी. आई गेल्यापासून अप्पा घरात एकटेच असत. डबा रोज सकाळी आठला जागा व्हायचा आणि धैर्यशीलच्याच आवाजात विचारायचा, "अप्पा, उठलात का?" मग दीड मिनिट थांबायचा. तेवढ्यात अप्पांनी चष्मा शोधून यावं. नंतर छोटी मोटर फिरायची, झाकण सरकायचं, आणि त्या दिवसाची रक्तदाबाची गोळी मिळायची. झाकण सरकलं नाही तर नऊपर्यंत प्रयत्न करायचा.

निदान तसं ठरलं होतं. परवा अप्पा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. धैर्यशील धावत आला आणि बघतो तर डब्यात एकोणीस गोळ्या जशाच्या तशा.

"एकोणीस दिवस, चाचा! दर रविवारी फोनवर विचारतोय, डबा चालतो ना? तर म्हणे, झकास."

"आणि काय म्हणतात?"

"काही नाही. कसे आहात विचारलं की म्हणतात, ठीक. मी पण सांगतो, लोड घेऊ नका."

चाचांचा ब्रश थांबला.

"काय घेऊ नका?"

"लोड. म्हणजे टेन्शन हो."

"अस्सं..."

उद्या सकाळच्या गाडीने त्याला परत जायचं होतं. आज डबा चालला तर बरं. नाहीतर सांगलीच्या एका वृद्धाश्रमाचा अर्ज त्याच्या बॅगेत भरून तयार होता.

"शेजारच्या सुशीलाकाकू सांगत होत्या," तो म्हणाला, "अप्पा हल्ली रोज सकाळी तासभर एकटेच बोलत बसतात. आठ ते नऊ. भिंतीशी बोलल्यासारखे." त्याने डबा टेबलावर ठेवला. "अशा माणसाला एकटं कसं ठेवू? प्रोग्राम मी तीनदा नव्याने लिहिला, चाचा. चूक सापडत नाही."

"तुझा प्रोग्राम मला कळत न्हाई. लाव बघू."

धैर्यशीलने डब्याचं घड्याळ आठवर आणलं आणि मोबाइलचा चार्जर भिंतीत खोचला.

"अप्पा, उठलात का?"

"उठलो की," चाचा म्हणाले.

धैर्यशीलला हसू आलं. दीड मिनिट गेलं. मोटर जराशी गुरगुरली. दिवा विझला, पुन्हा लागला.

"अप्पा, उठलात का?"

"उठलो म्हटलं न्हवं. तू चहा घेतलास का?"

"चाचा, त्याला ऐकू येत नाही."

"ते कळलं मला."

धैर्यशीलने व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि त्याच्या दोन सुया बोर्डाला टेकवल्या. आकडा स्थिर होता.

"हे बघा. पाच. आता बोला."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. त्यांनी मीटर स्वतःकडे घेतला. मग टेबलाखाली वाकून एक जुना ट्रान्सफॉर्मर ओढून काढला. चांगला पाच किलोचा ऐवज होता.

"कसा हायस, धैर्या?"

"मी? ठीक आहे."

"हात लांब कर."

ट्रान्सफॉर्मर त्याच्या तळहातावर आला.

"मोटर फिरंस्तवर खाली ठेवायचा न्हाई."

"चाचा, हे काय..."

"कसा हायस?"

"ठीक आहे म्हटलं ना."

अर्धं मिनिट गेलं. कोपर थरथरायला लागलं.

"कसा हायस?"

"...ठीक."

मिनिट झालं. कपाळावर घाम आला. दाराबाहेर एक सायकल गेली. मग बोळात काहीच आवाज उरला नाही.

"कसा हायस, धैर्या?"

"कसा असणार?" तो एकदम म्हणाला. "घरी गेलो की कुलूप मीच उघडतो. टीव्ही लावून ठेवतो, कुणीतरी बोलत असावं म्हणून. अप्पांना हे सांगायचं कसं? त्यांना काळजी लागेल. म्हणून रविवारी चार मिनिटं बोलतो आणि ठेवतो."

हे आपण बोललो याचंच त्याला नवल वाटलं. आईच्या तेराव्यालाही तो इतकं बोलला नव्हता.

मोटर गुरगुरली.

"इकडं बघ," चाचा म्हणाले.

मीटरवरचा पाच कोसळून तीनवर आला होता. दिवा विझला. पुढच्या क्षणी आकडा पुन्हा पाच, जणू काही झालंच नव्हतं.

"रिकामं असताना विचारलं तर समदेच पाच सांगतात," चाचा म्हणाले आणि त्याच्या हातावरचं ओझं काढून घेतलं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. चार्जर अशक्त होता आणि वायर केसासारखी बारीक. मोटर आपली ताकद बोर्डाच्याच तोंडातून ओढून घेत होती. चाचांनी फळीवरून दणकट अ‍ॅडॅप्टर काढला आणि मोटरला थेट त्याच्यापासून जाड वायर दिली. शेजारी वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर बसवला, म्हणजे मोटरला लागणारा पहिला घोट आधीच साठलेला असेल. डाग धैर्यशीलने दिले. पहिला ओबडधोबड झाला. चाचांनी तो काढायला लावला, पुन्हा द्यायला लावला. दुसरा चकचकीत उतरला, तेव्हा सोळा वर्षांपूर्वीसारखंच त्याने चाचांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अप्पा, उठलात का?"

दीड मिनिट दोघंही श्वास रोखून बसले. मोटर फिरली. झाकण सरकलं. पांढरी गोळी समोर आली, आणि दिवा तसाच जळत राहिला.

"झालं!" धैर्यशीलने टेबलावर थाप मारली. बॅगेतला अर्ज काढून त्याने चुरगळला आणि कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत टाकला. "सुटलो, चाचा. आता फक्त एकदाच विचारणार आणि गोळी हातात. आधी काय, तासभर नुसता बोंबलायचा. चाळीस वेळा!"

चाचा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा ब्रश उचलला होता.

"चाळीस वेळा?"

"दर दीड मिनिटाला एकदा. हिशोब करा ना."

"रोज? आठ ते नऊ?"

"हो."

"तुझ्या आवाजात?"

"हो, माझ्याच..."

बॅगेच्या चेनवरचा त्याचा हात तिथेच राहिला. आठ ते नऊ. अप्पांच्या एकट्याच्या बोलण्याची सुशीलाकाकूंनीही हीच वेळ सांगितली होती.

डबा झकास चालतो, असं अप्पा दर रविवारी का म्हणत होते ते त्याला आत्ता कळलं. तो हळूच परत स्टुलावर बसला.

ब्रशचा तेवढा आवाज येत राहिला...

"डबा दुरुस्त झाला," चाचा रेडिओत बघत म्हणाले. "एकदा तो विचारंल. बाकीचं एकोणचाळीस वेळा कोण विचारणार?"